ओढ्याची राखण: वहीपासून सुरुवात करा, झाडूपासून नको

शहरातला ओढा लोकांना दोनच वेळा आठवतो: पूर आला की, आणि वास यायला लागला की. मग एखाद्या रविवारी पन्नास-साठ जण हातमोजे घालून उतरतात, दुपारपर्यंत पिशव्यांचा ढीग लागतो, फोटो निघतात. दीड महिन्याने तिथे तेवढाच कचरा असतो आणि पन्नासातले आठ जण उरलेले असतात. मीही अशा तीन-चार मोहिमांत राबलो आहे. कचरा उचलणं वाईट नाही, पण ओढ्याच्या दुखण्यात कचरा हे सगळ्यात वरवरचं लक्षण आहे. खरं दुखणं पाइपांत, काठाच्या मातीत आणि वरच्या वस्तीतल्या छपरांवर असतं.

पिकाची राखण करणारा रोज बांधावर असतो. पाखरं कुठून येतात, कुंपण कुठे मोडलंय, हे त्याला डोळे मिटून सांगता येतं. ओढ्याच्या आणि त्याच्या काठच्या बागेच्या राखणीलाही तेवढीच ओळख लागते. खालचा क्रम त्या हिशेबाने लावला आहे. साफसफाई त्यात चौथ्या पायरीवर येते, आणि ते मुद्दाम आहे.

पायरी १: तीन महिने नुसतं चाला

आधी हद्द ठरवा. अख्खा ओढा अंगावर घेऊ नका. पाच-सहा जणांच्या गटाला एक-दीड किलोमीटर पुष्कळ झाला. एखादा पूल किंवा न हलणारी खूण शून्य धरा आणि तिथून दर १०० मीटरला तुकडा पाडून नंबर द्या. काठाचं नाव एकदाच नक्की करा: वाहत्या पाण्याच्या दिशेने तोंड केलं की डाव्या हाताचा तो डावा काठ, उजव्या हाताचा तो उजवा. हे ठरवलं नाही तर एकाच पाइपाची नोंद दोघं दोन काठांवर करतात आणि नंतर वहीवरून भांडण होतं.

वहीत रकाने थोडे ठेवा: तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला, पाण्याची पातळी, रंग, वास, फेस, आणि ‘वेगळं काय दिसलं’. शेवटचा रकाना मोठा असू द्या. पावसाचा रकाना कधीच रिकामा सोडू नका, कारण पुढे सगळे निष्कर्ष त्याच्यावर उभे राहतात. पातळीसाठी पुलाच्या खांबावर मोजमापाची पट्टी रंगवायची असेल तर परवानगी लागते. ती मिळेपर्यंत खांबाच्या दगडांचे थर मोजले तरी चालतं.

फोटोंसाठी पाच-सहा जागा कायमच्या करा. ‘तिसऱ्या बाकाच्या पाठीमागे, कठड्याच्या दुसऱ्या बोल्टवर फोन टेकवून, पुलाकडे’ इतकं नेमकं लिहून ठेवा. महिन्यातून एकदा तिथूनच, त्याच कोनातून फोटो. वर्षभराने एकेका जागेचे बारा फोटो शेजारी शेजारी लावले की काठ किती खचला हे भाषण न करता दाखवता येतं.

आणि एकदा तरी भर पावसात छत्री घेऊन फिरा, पण ओढ्याकाठी नाही, वरच्या गल्ल्यांमधून. कुठल्या रस्त्याचं पाणी कुठल्या जाळीत शिरतं, कुठली जाळी तुंबलीय, कुठल्या इमारतीच्या आवारातून गढूळ लोट येतोय हे बघा. नकाशावर त्या रेघा ओढल्या की तुमच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र दिसायला लागतं. ते जवळजवळ नेहमीच वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघतं.

पायरी २: कोरड्या दिवशी वाहणारे पाइप शोधा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पावसाचं पाणी वाहून नेणारा पाइप पाऊस थांबल्यावर कोरडा पडायला हवा. पाऊस थांबून ७२ तास झाल्यावर ओढ्यात तोंड उघडणारा प्रत्येक पाइप बघत चला. ज्यातून तरीही धार चालू आहे, त्यात काहीतरी वेगळं मिसळतंय. कधी जमिनीतला झरा असतो, कधी फुटलेली नळाची लाइन, कधी सांडपाणी. कोणतं ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, निदान पहिल्या फेरीला तरी.

पाइपाच्या तोंडाशी बघा. करड्या-पांढऱ्या रंगाचे, ओल्या कापसासारखे झुलपे दगडांना चिकटून लहरत असतील तर सांडपाण्याचा संशय धरा. त्याला बुरशी म्हणतात खरं, पण तो बहुतांशी जिवाणूंचा थर असतो आणि सेंद्रिय घाणीवर पोसतो. ओले वाइप्स आणि कानकाड्या अडकलेल्या दिसल्या तर शंकाच उरत नाही.

फेस फसवतो. पाला कुजून येणारा फेस तपकिरी झाक असलेला, मातकट वासाचा असतो आणि धबधब्याखाली, कोपऱ्यात साचतो. डिटर्जंटचा फेस पांढराशुभ्र असतो आणि त्याला साबणाचा सुगंध येतो.

पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग त्याहून फसवा. एक काडी घ्या आणि तवंग ढवळा. ताटलीच्या ठिकऱ्यांसारखे त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते तुकडे तसेच वेगळे राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा आहे, त्याची तक्रार करायची नसते. तवंग काडीभोवती फिरून पुन्हा एकजीव झाला तर तेल किंवा इंधन. ही एक काडी आम्हाला दोन खोट्या तक्रारींपासून वाचवून गेली.

पुढची पायरी म्हणजे चाचणीच्या पट्ट्या. अमोनिया सापडला तर सांडपाणी किंवा जनावरांची घाण. क्लोरिनचा अंश सापडला तर बहुधा नळाचं पाणी, म्हणजे गळती किंवा कुणीतरी रोज काहीतरी धूत असणार. वेळही महत्त्वाची. एका पाइपातून आम्हाला कधीच काही सापडत नव्हतं, कारण आम्ही नेहमी संध्याकाळी जायचो. एकदा सकाळी आठला गेलो तर कोमट, निळसर, सुगंधी पाणी धो धो येत होतं. वरच्या इमारतीची वॉशिंग मशिनची लाइन पावसाळी पाइपाला जोडली गेली होती. जोडणाऱ्याला माहीतही नव्हतं. असं चुकीचं जोडकाम गुन्हेगारीपेक्षा गाफीलपणातून जास्त होतं, म्हणून पहिलं बोलणं सौम्य ठेवा.

पाइपात, बंदिस्त नाल्यात, मॅनहोलमध्ये कुणीही उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं.

तक्रार लिहायची रीत: ‘ओढा फार घाण झाला आहे, लक्ष द्यावे’ असं लिहिलं की ते पत्र कुणाचंच नसतं. ‘पाइप क्र. ७, डावा काठ, ४०० मीटर, अमुक तीन तारखांना, पाऊस नसताना, सकाळी ८ वाजता प्रवाह, फोटो सोबत, अमोनिया पट्टीचा रंग अमुक’ असं लिहिलं की समोरच्याला कुणाला पाठवायचं ते कळतं. चौथ्या पत्राशिवाय उत्तर येईलच असं नाही. पत्रांचीही वहीत नोंद ठेवा.

पायरी ३: कुणाची जमीन, कुणाचा ओढा

पात्र एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा, बाग तिसऱ्याची, पाइप चौथ्याचे, असं बहुतेक शहरांत असतं. कोण काय बघतं याचा एक कागद करा आणि प्रत्येकाकडून लेखी परवानगी घ्या. त्यात काय करणार, काय नाही, अपघात झाल्यास जबाबदारी कुणाची, हे असू द्या.

यापेक्षा महत्त्वाची परवानगी कागदावर मिळत नाही. ओढ्याकाठी तुमच्या आधीपासून माणसं असतात: पुलाखाली राहणारी, मासे धरणारी, पहाटे फिरणारी, बागेत कामाला असलेली. रात्री टँकर येऊन काय ओतून जातो हे त्यांना माहीत असतं, तुम्हाला नाही. पुलाखालचं कुणाचं तरी गाठोडं कचरा समजून उचललं गेलं तर तुमचा गट कायमचा परका ठरतो. आधी बोला, नाव विचारा, तुमचं सांगा.

पायरी ४: आता कचरा

उतरण्याच्या दिवशी सकाळी फक्त डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, वरच्या बाजूला पाऊस पडलाय का ते बघा. शहरातल्या ओढ्याचं पाणी मिनिटांत चढतं, कारण फरशी आणि डांबर काहीच मुरवून घेत नाहीत. वेगाने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. एका माणसाला फक्त वरच्या वळणावर, गळ्यात शिट्टी घालून, उभं करा. हे कंटाळवाणं काम सगळ्यात भरवशाच्या माणसाला द्या.

गमबूट, जाड हातमोजे, अंगावरच्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचे जिवाणू चिरलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढच्या चार आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘मी ओढ्यात उतरलो होतो’ हे सांगायचं, असं प्रत्येकाला बजावून ठेवा. सुया दिसल्या तर चिमट्याने, जाड प्लास्टिकच्या बरणीत. मुलांना पात्रात नाही, काठावर मोजणीला बसवा.

मोजणी हे कामच आहे, शोभेचं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या किनारा-सफाईत पहिल्यापासून सापडलेली प्रत्येक वस्तू तक्त्यावर लिहिली गेली, म्हणून तिचं म्हणणं धोरणं ठरवणाऱ्यांपर्यंत पोचलं. ‘चाळीस पोती कचरा’ यातून काहीच कळत नाही. ‘एकाच प्रकारची ६०० पाकिटं, त्यातली बहुतेक ३०० ते ४०० मीटरमध्ये’ यातून कुठल्या जाळीखाली टोपली बसवायची हे कळतं.

आणि काय उचलू नये, हे आधी सांगा. उत्साही लोक सगळं चकाचक करतात आणि ओढ्याचं नुकसान होतं. पडलेला ओंडका, मुळांचं जाळं, साचलेला पाला, दगड हे ओढ्याचं सामान आहे. ओंडक्याच्या मागे डोह बनतो, पाल्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे. मोरीच्या किंवा पुलाच्या तोंडाशी अडकलेला ओंडकाच तेवढा हलवायचा, तोही संबंधित खात्याला विचारून. गाळात रुतलेला टायर उपसताना आत बघा, बऱ्याचदा त्यात बिऱ्हाड असतं. आधी बादलीत पाणी घ्या, आतलं त्यात सोडा, मग टायर ओढा.

कचरा नेणारी गाडी कधी येणार हे लेखी घेतल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. काठावर आठवडाभर पडलेली पोती पुढच्या पावसात परत पात्रात जातात. हे अनुभवाचे बोल.

पायरी ५: पाण्याची तब्येत

चार गोष्टी मोजता आल्या तरी पुष्कळ आहे: तापमान, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन आणि किडे.

ऑक्सिजन तापमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सियसला पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६ च्या आसपास. म्हणजे सावली तोडली की पाणी तापतं आणि ऑक्सिजन कमी होतो, दुसरं काहीही न करता. ५ च्या खाली बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो, २ च्या खाली फार थोडे तग धरतात. मोजायची वेळ पहाटेची. रात्रभर शेवाळ आणि झाडं ऑक्सिजन वापरतात, बनवत नाहीत. दुपारी तीनला आलेला झकास आकडा पहाटे पाचला मरणपंथाला लागलेला असू शकतो.

किडे मात्र यंत्रापेक्षा प्रामाणिक. यंत्र त्या क्षणाचं सांगतं, किडा गेल्या कित्येक आठवड्यांचं. उथळ, खळखळत्या जागी बारीक जाळी पाण्यात उभी धरा, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायाने तीन मिनिटं ढवळा, मग जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करा आणि ट्रे स्थिर होऊ द्या. पहिलं अर्धं मिनिट नुसता कचरा दिसतो. मग कचऱ्यातली एक काडी चालायला लागते. ती काडी नसते, वाळूच्या कणांचं घर पाठीवर घेतलेली कॅडिसफ्लायची अळी असते. बहुधा तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले हलवणारी अळी दिसली तर आनंद माना, ती मेफ्लाय. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय मिळाली तर त्याहून. या तिघी स्वच्छ, ऑक्सिजन असलेल्या पाण्याच्या खुणा आहेत. चतुर आणि टाचणीच्या अळ्या मधल्या. ट्रेमध्ये फक्त लाल दोऱ्यासारखे वळवळणारे किडे असतील तर पाणी आजारी आहे. त्यांचा लालपणा हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनमध्ये टिकण्याची सोय. ब्रिटनमध्ये याच कल्पनेवर किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत रुळली. तुमच्या भागासाठी तयार केलेला तक्ता जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा, परदेशी तक्ता जसाच्या तसा लावू नका. मोजून झालं की किडे परत पाण्यात.

पायरी ६: काठ आणि बाग

बागेच्या लोकांना हिरवळ अगदी पाण्यापर्यंत कापलेली आवडते. ओढ्याला ते मानवत नाही. आखूड गवताची मुळं उथळ असतात, पूर आला की काठ थराथराने सुटतो. पहिली मागणी हीच करा: काठापासून निदान पाच मीटरचा पट्टा यंत्राने कापायचा नाही. लोक ‘जंगल माजलंय’ म्हणतील. म्हणून पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने एक हात रुंद गवत नीट कापलेलं ठेवा आणि पाण्यापर्यंत जाणाऱ्या दोन वाटा मोकळ्या ठेवा. कडा नीटनेटकी दिसली की आतला दाटपणा मुद्दाम राखलेला आहे हे कळतं. एवढ्याने निम्म्या तक्रारी थांबतात.

तण काढताना नेहमी वरून खाली या. खालचं साफ केलं आणि वर बी राहिलं तर पाणी ते पुन्हा पेरतं. जलपर्णी बी येण्याआधी, मुळासकट, आणि काढलेली काठापासून लांब नेऊन टाका. घाणेरीची नुसती फांदी तोडली तर ती दुप्पट फुटते, खोडाचा गड्डा खणून काढावा लागतो. आणि एकदम सगळं उपटू नका. त्या झुडपांखेरीज काठ धरून ठेवणारं दुसरं काही नसेल तर आधी लावा, मग काढा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात झुडपांना हात नाही.

खचलेल्या काठासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जिवंत खुंट. वाळुंजाच्या कुळातली झाडं याला उत्तम. पानगळ झालेली असताना दोन-तीन सेंटीमीटर जाड, हात-दीड हात लांब फांद्या कापा. खालचं टोक तिरकं छाटा, वरचं सपाट. तिरकं टोक जमिनीत जातं, आणि वर-खाली विसरायला होत नाही (होतं, तरी होतं, डोळे वर बघतायत ना हे तपासा). पहारीने आधी भोक पाडा, फांदी ठोकू नका, साल फाटते. दोन तृतीयांश लांबी जमिनीत, तळ ओलाव्यापर्यंत. माती पायाने दाबून पोकळी भरा. त्याच दिवशी लावायच्या नसतील तर फांद्या पाण्यात उभ्या ठेवा. सगळ्या जगणार नाहीत, म्हणून सुरुवातीलाच दाट लावा.

रोपं लावली की पहिली दोन वर्षं कोण पाणी घालणार याची नावं लिहूनच खड्डे खणा.

दिव्यांबद्दल एकच: ते वाटेवर पडू द्या, पाण्यावर नको. पाण्यावरच्या उजेडात किडे भिरभिरत मरतात आणि वटवाघळं तो भाग टाळतात.

पायरी ७: ओढ्यापासून दूर जा

विचित्र वाटेल, पण तिसऱ्या वर्षापासून तुमचं अर्धं काम काठावर नसेल. पाणलोटातली साधारण १० टक्के जमीन फरशी, डांबर आणि छपरांखाली गेली की ओढ्याची तब्येत ढासळताना दिसू लागते, आणि शहरात हे प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे असतं. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पडला की २,००० लिटर, तेही तासाभरात, थेट ओढ्यात. छपराचा पन्हाळी पाइप रस्त्याच्या जाळीऐवजी आवारातल्या खोलगट, झाडं लावलेल्या वाफ्यात वळवला तर त्यातलं बरंच मुरतं. वाफा इमारतीच्या पायापासून तीन मीटर तरी लांब हवा, आणि त्यात पाणी एका दिवसात जिरलं पाहिजे. चोवीस तासांनंतरही साचून राहिलं तर डास होतील, माती बदला. पाच इमारतींनी हे केलं तरी पावसातल्या पहिल्या लोटाची घाण कमी होते. जाळ्यांशेजारी ‘इथे ओतलेलं थेट ओढ्यात जातं’ असं रंगवणं स्वस्त आहे आणि मुलांना फार आवडतं.

दुरुस्तीच्या नावाखाली नुसती सजावट होऊ देऊ नका. दक्षिण कोरियातल्या सोलमधल्या चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये तो सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह उघडा केला. जागा सुंदर झाली, लोकांची गर्दी झाली. पण त्यात वाहणारं बरंचसं पाणी रोज पंपाने आणावं लागतं. पंप असलेली शोभा तुमच्याकडे कुणी सुचवली तर वीज कोण भरणार हे पहिल्याच बैठकीत विचारा.

पायरी ८: गट टिकवणं

प्रत्येक तुकड्याला दोन माणसं, एक कधीच नाही. महिन्याला दोन फेऱ्या, प्रत्येकी तास-दीड तास. यापेक्षा जास्त मागितलं की सहाव्या महिन्यात फोन उचलले जात नाहीत. वर्षातून एकदा वही घेऊन सगळ्यांनी बसायचं आणि फक्त तीन कामं निवडायची.

घाई करणाऱ्यांना टोरंटोची गोष्ट सांगा. १९६९ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी डॉन नदीची खोटी अंत्ययात्रा काढली होती, शववाहिकेसकट. लोकांचा दबाव, नगरपालिकेची समिती, झाडं, पाणथळी असं एकामागून एक होत गेलं, आणि त्या नदीच्या मुखाजवळच्या नव्या पात्रात पाणी आलं ते २०२४ मध्ये. पंचावन्न वर्षं. सुरुवातीच्या पिढीतल्या कुणाकडे तरी कागद जपून ठेवलेले असणार, नाहीतर इतकी लांब साखळी जुळत नाही.

म्हणून वहीच्या दोन प्रती: दर तीन महिन्यांनी पानांचे फोटो काढून सामायिक फोल्डरमध्ये, आणि मूळ वही एका माणसाच्या घरी नव्हे, वाचनालयासारख्या उघड्या जागी. पाइपांचे नंबर कधीही बदलू नका, पाइप बंद झाला तरी त्याचा नंबर तसाच रिकामा ठेवा. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी पाइप क्र. १ पासून चालवत न्या. नोंदी पेन्सिलीने करा, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही आणि शाईच्या नोंदी पहिल्याच सरीत धुऊन जातात.